जुन्या मोटारीचा सौदा

नव्या मालाची किंमत दरपत्रकावरून कळते. जुन्या मालाची किंमत मात्र त्याचा पूर्वेतिहास आणि विकणाऱ्याची पत यांवरून ठरते. व्यापारी बंधूंना हे नव्याने सांगावयास नको. परंतु घरची जुनी मोटार विकण्याचा प्रसंग आला म्हणजे हाच चोख व्यापारी पुष्कळदा तिला अडगळ समजतो आणि कागदपत्रांचा विचार न करता देऊन टाकतो. यात द्रव्यहानी तर आहेच. पण त्याहून मोठा धोकाही आहे.

सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० आणि तिचेच पुढील रूप असलेली प्रीमियर पद्मिनी तयार होत असे. या शतकाच्या आरंभी ते उत्पादन थांबले, आणि ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीनेही निरोप घेतला. जी वस्तू पुन्हा निर्माण व्हावयाची नाही, तिच्या सुस्थितीतील नमुन्यांना रसिक ग्राहक मिळतो.

असा ग्राहक पैसे मोजतो ते अस्सलपणाचे. इंजिन व चॅसिस यांवरील क्रमांक नोंदणीपुस्तकाशी जुळतात काय, हे तो प्रथम पाहतो. म्हणून विक्रीपूर्वी घाईने नवा रंग देऊ नये. रंगाखाली गंज झाकला आहे, अशीच शंका त्यास येते. तळपत्रा कुजला असेल तर तो आपण होऊन दाखवावा. दुरुस्तीच्या जुन्या पावत्या जपलेल्या असतील तर त्याही पुढे ठेवाव्यात.

आता कायद्याची बाजू. मोटार वाहन कायदा, १९८८ अन्वये विक्रेत्याने हस्तांतराची माहिती राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत द्यावयाची असते. बेळगावची गाडी कोल्हापुरास जावयाची असेल, तर मूळ नोंदणी कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते व मुदत ४५ दिवसांची असते. मालक दिवंगत असल्यास वारसांनी ३० दिवसांत कळवून तीन महिन्यांत गाडी आपल्या नावे करण्यासाठी अर्ज करावा; विक्रीचा विचार त्यानंतर.

ही केवळ औपचारिकता नव्हे. हातोहात अनेकदा विकल्या गेलेल्या एका गाडीने २००९ साली अपघात झाला व एक बालक दगावले. नोंदणीत नाव मात्र पहिल्याच मालकाचे राहिले होते. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी भरपाईचे दायित्व त्याच्यावरच ठेविले. पैसे घेतले, किल्ली दिली, एवढ्याने सौदा पुरा होत नाही, तो असा.

पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील मोटारींसाठी २०२१ च्या नियमांनी ‘व्हिंटेज’ अशी स्वतंत्र नोंदणी ठरविली आहे. तीत प्रदर्शन, मोटारफेरी यांसारख्या कारणांपुरतीच गाडी रस्त्यावर आणता येते. नित्य वापर वा धंदा करता येत नाही. गाडीची अशी नोंदणी झाली असल्यास ही मर्यादा ग्राहकास आधीच सांगणे इष्ट होय.

वडिलांनी हौसेने घेतलेली गाडी जाणत्या हाती सोपविण्यात कमीपणा नाही. मात्र पेढीवरील व्यवहारास आपण जो चोखपणा लावतो, तोच दारातल्या मोटारीसही लावावा. नवे नोंदणीपुस्तक ग्राहकाच्या नावे झालेले पाहावे, आणि मगच आपल्या वहीत तो सौदा पुरा झाल्याचे लिहावे.