पियानोत फिबोनाची आहे, पण पट्ट्यांवर नाही

हैदराबादच्या काचीगुड्यातून एका वाचक बाईंनी विचारलं आहे. मुलगी पियानो शिकते आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप फिरतोय: सा ते सा पांढऱ्या पट्ट्या 8, काळ्या 5, एकूण 13. म्हणजे पियानोत फिबोनाची श्रेणी (मागच्या दोन संख्यांची बेरीज म्हणजे पुढची संख्या) दडली आहे. खरं का?

आकडे खरे, मोजणी लबाड. वरचा सा पुढच्या सप्तकाचा. तो वगळा, उरतात 7 आणि 5, एकूण 12. संपली जादू.

गंमत म्हणजे ही श्रेणी पियानोच्या पहिल्या धड्यात खरोखरच आहे, ती मुलीच्या वहीत. तिथे सुरुवातीला 4/4 लिहिलेलं असतं. (हा अपूर्णांक नव्हे, संक्षेप देऊन 1 करू नये!) वरचा 4 सांगतो, एका बारमध्ये चार मात्रा, खालचा सांगतो, एक मात्रा म्हणजे एक क्रॉचेट. नवशिक्याला आधी दोनच चिन्हं येतात: एका मात्रेचा क्रॉचेट आणि दोन मात्रांचा मिनिम. एवढ्यावर बार किती तऱ्हांनी भरेल? 1-1-1-1, 1-1-2, 1-2-1, 2-1-1, 2-2. पाच. 3/4 मध्ये तीन, 5/4 मध्ये आठ.

कारण सोपं आहे. चार मात्रांच्या बारचा शेवट क्रॉचेटने केला, तर आधीच्या तीन मात्रा 3 तऱ्हांनी भरतात. मिनिमने केला, तर आधीच्या दोन मात्रा 2 तऱ्हांनी. बेरीज 5.

क्रॉचेटला लघु आणि मिनिमला गुरू म्हटलं की हे शाळेतल्या मात्रावृत्तांचं गणित होतं. छंदशास्त्रकार विरहांकाने हा नियम सहाव्या ते आठव्या शतकाच्या दरम्यान केव्हातरी प्राकृतात सांगून ठेवला: मागच्या दोन संख्यांची बेरीज करा, पुढची मिळते. हेमचंद्राने तो 1150च्या सुमारास पुन्हा मांडला. फिबोनाचीचं सशांचं कोडं आलं 1202 साली. विरहांकाचं नाव हल्ली अभिमानाने फिरवलं जातं, पण त्याचा ‘वृत्तजातिसमुच्चय’ आपल्यापर्यंत आणणाऱ्या माणसाचं नाव त्या निरोपांत मला कधी दिसलं नाही. ते ह. दा. वेलणकर, मुंबईच्या विल्सन कॉलेजातले संस्कृतचे प्राध्यापक. त्यांनी संपादित केलेली आवृत्ती 1962 साली जोधपूरहून निघाली. हेमचंद्राचं ‘छन्दोनुशासन’ही त्यांनीच संपादित केलं. जुन्या पोथ्यांतले पाठ ताडून पाहण्याचं काम कुणी फॉरवर्ड करत नाही.

आणि हो, ही श्रेणी मुलीच्या वहीत फार दिवस टिकणार नाही. पुढच्या धड्यांत पियानोच्या बाई तीन मात्रांचा टिंबवाला मिनिम आणि चार मात्रांचा सेमीब्रीव्ह शिकवतील. मग 1-3, 3-1 आणि एकटा 4 अशा तीन तऱ्हा वाढून 4/4चं उत्तर होईल 8. 3/4चं 4, 2/4चं 2. आता दर मात्रेला नुसती दुप्पट.