चुलीसह आलेला पाहुणा

चीनच्या सरकारने १९९९ साली राष्ट्रीय दिनाला जोडून सलग सात दिवसांची सुटी दिली, ती लोकांनी घराबाहेर पडावे आणि चार पैसे खर्च करावेत म्हणून. लोक पडलेही. आजी-आजोबा, आईबाप आणि एकुलते एक मूल अशी कुटुंबेच्या कुटुंबे एकाच आठवड्यात आगगाड्यांवर लोटली. अखेर २००८ साली मे महिन्यातील अशीच मोठी सुटी आखडून पारंपरिक सणांना नव्या सुट्या देण्यात आल्या. गर्दी पांगवता येते, ती कधी येणार हे आधी ठाऊक असते, एवढा बोध त्यातून आपण घ्यावयास हरकत नाही.

आमच्या मनात येते ते नवनगर. हुबळी आणि धारवाड यांच्या मधल्या या वसाहतीतला पगारदार माणूस दसऱ्याच्या किंवा मे महिन्याच्या सुटीत मुलाबाळांना समुद्र दाखवायला निघतो, तो साहजिकच गोव्याकडे. १८८८ साली मुरगावपर्यंत पोहोचलेल्या रेल्वेने हे शेजार जुळवले. धारवाडच्या महाविद्यालयांत आपली कित्येक मुले शिकली. चार बिऱ्हाडे मिळून एक गाडी ठरवतात. गाडीत कडक भाकऱ्या असतात, शेंगांची चटणी असते, आणि पातेली व स्टोव्हही असतो. सात-आठ माणसांना दोन्ही वेळा हॉटेलात जेवू घालणे त्या कमाईत बसत नाही.

हाच स्टोव्ह आपल्याला खुपतो. पर्यटन खात्याच्या २०२२ सालच्या आदेशाने उघड्यावर स्वयंपाक करणाऱ्यास ५ हजारांपासून ५० हजार रुपयांपर्यंत दंड ठरवला. किनाऱ्यावर खरकटे आणि प्लास्टिक टाकून जाणाऱ्यांची आम्ही कड घेणार नाही. ती घाण आमच्याच कोळ्यांच्या आणि मुलांच्या पायांखाली येते. परंतु घाण करणे आणि भात शिजवणे हे दोन वेगळे गुन्हे आहेत. दुसरा तर गुन्हाच नव्हे. विमानाने येणाऱ्या पाहुण्यासाठी पायघड्या आणि भाड्याच्या गाडीतून येणाऱ्या शेजाऱ्यासाठी पावतीपुस्तक, हे आतिथ्य गोमंतकाला शोभत नाही.

आपण स्वतः कसे प्रवास करत आलो? मंगेशीला, कवळ्याला जत्रेस गेलेले कुटुंब अग्रशाळेत उतरे. कारवार-मंगळूरकडचे कुळावी बिऱ्हाडासह येत, तिथेच चूल मांडत, आणि आपल्या आज्यांना त्यात कमीपणा वाटत नसे. (बायकांना मात्र त्या प्रवासातही स्वयंपाकाची सुटी नव्हती, नवनगरच्या गृहिणीला आजही नाही.)

अग्रशाळेचीच कल्पना सरकारने उचलावी. किनाऱ्यापासून आत, मोठ्या रस्त्यांलगत छपरे घालावीत. तिथे ओटे, नळ, शौचालये आणि कचऱ्याची सोय असावी, आणि माफक शुल्क घ्यावे. त्यानंतर उघड्यावर चूल पेटवणाऱ्याला खुशाल दंड करावा. शेजारच्या राज्यातील शाळांच्या सुट्या वर्षारंभीच जाहीर होतात. आमच्या खात्याने ते वेळापत्रक मागवून पहिली काही छपरे दसऱ्यापूर्वी उभी करावीत.