मातीतला किडा आणि जन्माचा शिक्का

साताऱ्याकडचे आल्याचे वाफे असोत, की सांगली-तासगावकडची हळद अन् द्राक्षबाग, मुळांवर गाठी दिसल्या की शेतकरी म्हणतो, "सूत्रकृमी लागला." आमच्या आयाबहिणी ज्या रानांत खुरपायला जातात, तिथली ही ओळखीची गोष्ट.

याच सूत्रकृमीचा एक निरुपद्रवी भाऊबंद कुजक्या फळांतले जिवाणू खाऊन जगतो. नाव सीनोरॅब्डायटिस एलिगन्स. लांबी जेमतेम १ मिलिमीटर, अंग काचेसारखे पारदर्शक. सिडनी ब्रेनर यांनी १९६० च्या दशकात केंब्रिजमध्ये तो अभ्यासासाठी निवडला. ब्रेनर दक्षिण आफ्रिकेतले. वडील जोडे दुरुस्त करीत, त्यांना लिहितावाचता येत नव्हते. मुलगा शिष्यवृत्तीवर शिकला आणि २००२ साली जॉन सल्स्टन व रॉबर्ट हॉर्विट्झ यांच्यासह नोबेल पारितोषिकाचा मानकरी ठरला. आज मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही या कृमीवर काम चालते.

प्रश्न साधा होता. सगळ्या पेशी एकाच अंड्यापासून होतात, प्रत्येकीत जनुके तीच. मग एक स्नायू आणि दुसरी मज्जापेशी कशी होते? सल्स्टन व सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची वंशावळच मांडली. उभयलिंगी कृमीत १०९० शरीरपेशी जन्मतात, १३१ ठरल्या वेळी मरतात, ९५९ उरतात. कोणत्या पेशीत कोणते जनुक केव्हा चालू आणि केव्हा बंद, यावर तिचे काम ठरते.

मग सारे जन्मानेच ठरते काय? नाही. अंडी बाहेर पडण्याचा मार्ग घडवू शकणाऱ्या सहा पेशी एका रांगेत असतात. सहाही समर्थ. जवळची एक पेशी 'लिन-३' या जनुकाच्या आधारे संदेश धाडते. जी सर्वांत जवळ, तिला मुख्य काम मिळते. लेसरने तिला मारले, तर शेजारीण ते काम उचलते. पण संदेश देणारी पेशीच मारली, तर सहा जणींची कुवत असूनही मार्ग तयार होत नाही.

किड्यावरून माणसाचा कायदा काढू नये, हे आम्ही जाणतो. पण विज्ञानाचे नाव घेऊन "ज्याचे काम त्याच्या जन्मातच लिहिलेले" असे कुणी सांगू लागला, तर त्याला या सहा पेशींची हकिकत जरूर ऐकवावी. आणि दहावीनंतर लेकीने विज्ञान शाखा मागितली, तर "आपल्याला झेपायचे नाही" म्हणण्याआधी जोडे शिवणाऱ्या त्या बापाची आठवण करावी. कुवत असतेच, संदेश वेळेवर पोचला पाहिजे.