किरकोळ चोरी आणि वकिलाचें कर्तव्य

दुकानांतून शेंदोनशें रुपयांची वस्तु लांबविल्याचा आरोप ज्यावर आहे, त्याचें वकीलपत्र घेणें म्हणजे चोरीस आश्रय देणें, असा समज आमच्या व्यापारी बंधूंत रूढ आहे. विक्रोळीसारख्या कामगारवस्तीच्या उपनगरांत एका खटल्यापायीं कर्त्या माणसाची नोकरी जाऊं शकते. तेव्हां हा समज तपासून पाहिलाच पाहिजे.

आरोप लहान असला तरी कलमांतील अंतर पहा. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ प्रमाणें मालाची किंमत ५,००० रुपयांहून कमी असेल, आरोपी प्रथमच दोषी ठरत असेल व माल किंवा त्याची किंमत परत मिळाली असेल, तर शिक्षा समाजसेवेची. परंतु दुकान ही माल जपून ठेवण्याची इमारत आहे असें म्हणून कलम ३०५ लाविलें, कीं शिक्षेची मर्यादा ७ वर्षांवर जाते व जामीनही हक्काचा राहत नाहीं. साबणाची वडी तीच, दुकान तेंच. फरक केवळ आंकड्याचा! मग योग्य कलम कोणतें, हें न्यायालयापुढें मांडणारा वकील नको काय?

शिवाय अप्रामाणिक हेतु हा चोरीचा प्राण आहे. ग्राहकानें स्वतः माल उचलावा अशीच जेथें व्यवस्था असते, तेथें विसरभोळेपणा व चोरी यांतील भेद पुराव्यानेंच ठरावयास हवा.

"कबूल कर आणि मोकळा हो," हा सल्ला तर सर्वांत घातक! समाजसेवेची शिक्षा सौम्य खरी, परंतु दोषसिद्धीचा डाग राहतोच. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा कायद्यान्वयें समज देऊन किंवा सद्वर्तनाच्या बंधपत्रावर सोडलेल्या मनुष्यास मात्र कलम १२ मुळें दोषसिद्धीची अपात्रता चिकटत नाहीं. ही मागणी न करणारा वकील अशिलाचें नुकसानच करतो.

व्यापाऱ्यांनींही चोर म्हणून कोणास मारहाण करूं नये. तोही गुन्हाच आहे. चित्रण व पावत्या जपून ठेवाव्या, आणि पुरावा न्यायालयास तोलूं द्यावा. माल दुकानदाराचा आहे खरा. पण अब्रू आरोपीची आहे, आणि ती परत मिळवून देणारें दुकान कोठेंही नाहीं.