पडशाची गोळी

मार्गशीर्षातल्या धुकट सकाळी यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबच्या बाजारात, कपाशीच्या वेचणीला निघालेली एखादी बाई मेडिकलच्या दुकानाशी क्षणभर थांबते, पदराने नाक पुसत "नाक लय वाहून राह्यलं भाऊ, डोकंही जड हाय, सर्दीची गोळी द्या," असे म्हणते, आणि दुकानदार फळीवरची पट्टी काढून, कात्रीने दोन गोळ्या कापून तिच्या हाती ठेवतो. त्या तुकड्यावर औषधाचे अर्धे नाव आणि मुदतीच्या आकड्याचा शेपटाकडील भाग तेवढा उरलेला असतो. गोळीत काय काय आहे याचा तपशील दुकानातल्या उरलेल्या पट्टीवरच राहून जातो. या राहून गेलेल्या तपशिलासाठीच हा लेखनप्रपंच आहे.

पडसे म्हणजे दोनशेहून अधिक विषाणूंपैकी कोणत्याही एकाने नाकाच्या अस्तरात शिरकाव केला असता शरीराने त्याला दिलेले उत्तर होय. वाहणारे नाक, शिंका, घशातील खवखव ही सारी त्या प्रतिकाराचीच लक्षणे असून, बहुतेकांच्या बाबतीत सात ते दहा दिवसांत ती आपोआप शमतात. बाजारातील कोणतीही गोळी ही मुदत कमी करीत नाही. ती केवळ मधल्या दिवसांचा त्रास हलका करते. शेंबूड पिवळा वा हिरवट झाला म्हणजे रोग बळावला, आता प्रतिजैविक हवेच, अशी जी समजूत सर्वत्र रूढ आहे, तिला आधार नाही. तो रंग प्रामुख्याने झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशींमुळे येतो. विषाणूवर प्रतिजैविकाचा काडीइतकाही परिणाम होत नाही.

डोके जड होण्याचे कारण मात्र नाकाच्या शेजारी शोधावे लागते. कपाळ, दोन डोळ्यांमधील जागा, गाल आणि कवटीचा तळ येथील हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात; त्यांनाच आपण सायनस म्हणतो. कळंबच्या श्रीचिंतामणीचा गाभारा भूपृष्ठाखाली असून दर्शनास पायऱ्या उतरून जावे लागते, हे विदर्भातील भाविकांस ठाऊक आहे. अशा खोल वास्तूत आलेले पाणी आपोआप वाहून जात नाही, ते वर उपसावे लागते. गालातील सायनसची रचना थेट तशीच आहे. त्याचे दार तळाशी नसून वरच्या अंगास आहे, आणि तेथील द्रव अस्तरावरील अतिसूक्ष्म केस अहोरात्र वर लोटीत असतात. पडशाने अस्तर सुजले की दार मिटते, उपसा थांबतो, आणि झाडाशी वाकून बोंडातला कापूस वेचू लागताच गाल व कपाळ ठणकू लागते.

आता त्या पट्टीची मागची बाजू वाचू. बहुतेक संयुक्त गोळ्यांत तीन द्रव्ये आढळतात. पॅरासिटामॉल हे अंगदुखी, डोकेदुखी व ताप यांवरचे खरोखर उपयोगी औषध आहे. पण प्रौढ माणसाने दिवसाकाठी चार ग्रॅमची, म्हणजे पाचशे मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांची मर्यादा ओलांडली तर यकृतास इजा पोहोचू शकते, आणि दारूची सवय असणाऱ्यांनी तर त्याच्याही पुष्कळ अलीकडे थांबावे. सर्दीची एक, तापाची दुसरी आणि अंगदुखीची तिसरी अशा तीन निरनिराळ्या नावांच्या गोळ्यांत हेच एक द्रव्य असू शकते, आणि तपशील न वाचणारा मनुष्य नकळत तिप्पट मात्रा घेऊन बसतो. दुसरे द्रव्य क्लोरफेनिरामिन. ते गळणारे नाक थोडे आवरते, परंतु गुंगी आणते, म्हणून ते घेऊन यवतमाळपर्यंत मोटारसायकल हाकणे जिवावर बेतू शकते. काचबिंदू असलेल्यांनी, तसेच लघवी अडण्याची तक्रार असलेल्या वृद्धांनी ते डॉक्टरांस विचारल्याविना घेऊ नये. तिसरे फिनाइलएफ्रिन, चोंदलेले नाक मोकळे करण्यासाठी घातलेले. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने एकमताने असा निर्वाळा दिला की, पोटात घेतलेले हे द्रव्य चोंदलेल्या नाकावर गुणकारी नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते तेथील विनाचिठ्ठीच्या यादीतून वगळण्याचा प्रस्तावही निघाला. आपल्याकडील पट्ट्यांवर मात्र ते अद्यापि दिसते.

आपल्या १९४० च्या औषध कायद्यात विनाचिठ्ठी औषधांचा स्वतंत्र वर्ग नाही. हजारापर्यंत लोकवस्तीच्या खेड्यात पॅरासिटामॉल, बाम, नाकाशी हुंगावयाची नळी असल्या घरगुती बाबी परवान्याशिवाय विकण्याची मुभा नियमांत आहे. पण त्या मूळच्या न उघडलेल्या वेष्टनातच विकाव्या, अशी अट त्यासोबत आहे, आणि ती मला फार शहाणपणाची वाटते.

नाकात घालावयाचे झायलोमेटाझोलिनचे थेंब काही मिनिटांत नाक मोकळे करतात. परंतु ते तीन ते पाच दिवसांपलीकडे चालू ठेवले, तर थेंबांमुळेच नाक चोंदू लागते आणि बाटली सुटता सुटत नाही. बाम लावल्यावर वाटणारा मोकळेपणा हा मेन्थॉलने थंडाव्याच्या मज्जातंतूंना दिलेला संकेत असतो. श्वासाची वाट त्याने प्रत्यक्षात रुंदावत नाही, तरी झोप लागत असेल तर तेवढा दिलासा अवश्य घ्यावा. वाफाऱ्याचे भगोणे लेकरांपासून दूर ठेवावे, कारण त्याने भाजण्याची भीती असते. या सर्वांहून निर्धोक उपाय मिठाच्या पाण्याने नाक धुणे हा होय. जलनेती म्हणून आपल्याकडील योगाभ्यासी तो जाणतात. पाणी मात्र उकळून कोमट केलेलेच हवे. विहिरीचे वा नळाचे कच्चे पाणी नाकात घेऊ नये, त्यातील अमीबा क्वचित मेंदूपर्यंत पोहोचून प्राणघातक ठरतो.

लहान मुलांविषयी अधिक निक्षून लिहिणे भाग आहे. क्लोरफेनिरामिन व फिनाइलएफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील बालकांस देऊ नये, अशी सूचना छापण्याचा हुकूम केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला होता. तरीही २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात विदर्भाशेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात सर्दीखोकल्याच्या सिरपाने वीसहून अधिक बालके मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली, त्यांतील कित्येकांनी नागपुरात शेवटचा श्वास घेतला. त्या सिरपात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष आढळले. याच विषाने १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्णांचे प्राण घेतले होते आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने त्याची पाळेमुळे खणली होती, हे आठवले म्हणजे मन विषण्ण होते. सिरपाऐवजी वर्षावरील लेकराला खोकल्यासाठी चमचाभर मध द्यावा. वर्षाखालील बाळास मधही नको.

दहा दिवसांत उतार न पडणे, बरे वाटून पुन्हा ताप चढणे, डोळ्याभोवती सूज येणे, मान ताठरणे किंवा धाप लागणे, यांपैकी काहीही झाले तर डॉक्टरांकडे जावे.

यवतमाळ जिल्ह्यातील वाचकांस आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगावयाची आहे. २०१७ च्या हंगामात या जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना वीसच्या वर शेतकरी व मजूर विषबाधेने मरण पावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. ऑर्गॅनोफॉस्फरस वर्गातले विष अंगात भिनले म्हणजे नाक व डोळे वाहतात, तोंडास लाळ सुटते, छाती भरून येते, नजर धूसर होते. आरंभी हे पडशासारखे भासू शकते. फवारणी करून आलेल्या माणसाचे नाक असे वाहू लागले, तर त्यास सर्दीची गोळी देऊ नका. त्याचे कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा, आणि फवारलेल्या औषधाचा डबा सोबत घेऊन तत्काळ रुग्णालय गाठा.