विसर्ग आणि अपूर्णविराम : एक आकृती, दोन कार्ये

एकाखाली एक मांडलेली दोन टिंबे मराठी मुद्रणात दोन नावांनी वावरतात. अक्षराचे अंग म्हणून आली की ती 'विसर्ग' ठरतात; वाक्यातील खूण म्हणून आली की 'अपूर्णविराम'. आकृतिसाम्यामुळे ही दोन्ही चिन्हे एकच मानण्याची प्रवृत्ती आढळते. तथापि पहिल्याचा संबंध उच्चाराशी आहे, तर दुसऱ्याचा वाक्यरचनेशी. हा भेद पुसला गेल्यास संहितेलाच बाध येतो.

विसर्गाचे जुने शास्त्रीय नाव 'विसर्जनीय'. पाणिनीने हीच संज्ञा योजिली आहे. क, ख यांपूर्वीच्या त्याच्या उच्चारास 'जिह्वामूलीय' आणि प, फ यांपूर्वीच्या उच्चारास 'उपध्मानीय' अशीही नावे परंपरेने दिली आहेत. मराठीत विसर्ग मुख्यतः तत्सम शब्दांतून आला. 'अंशतः' या शब्दात तो अंती हकारासारखा ऐकू येतो. 'दुःख' या शब्दात मात्र पुढील व्यंजनाचे द्वित्व होऊन 'दुक्ख' असा उच्चार होतो. 'मनःपूर्वक' यात तो टिकतो, तर 'मनोरथ' यात संधीमुळे लोपून त्याचे रूपांतर होते.

अपूर्णविराम हा त्यामानाने अर्वाचीन होय. मेजर थॉमस कँडी यांच्या १८५० मधील 'विरामचिन्हांची परिभाषा' या पुस्तकाने इंग्रजी वळणाच्या विरामचिन्हांची मराठीस पद्धतशीर ओळख करून दिली. पुढे येणारा तपशील किंवा यादी सुचविणे, हे अपूर्णविरामाचे प्रमुख कार्य. गुणोत्तरात व घड्याळाच्या वेळेतही तो वापरला जातो.

दोहोंतील भेद नाट्यसंहितेत विशेष स्पष्ट होतो. छापील संस्कृत नाटकात वक्त्याचे नाव 'रामः' असे येते. तेथील टिंबे प्रथमा विभक्तीची असतात. म्हणूनच 'सीता' या नावापुढे ती नसतात. मराठी नाटकात मात्र 'राम :' आणि 'सीता :' या दोहोंपुढे टिंबे येतात; ती केवळ नाव व संवाद वेगळे करतात.

संगणकीय अक्षरजुळणीत या प्रश्नास नवे गांभीर्य आले आहे. युनिकोडमध्ये दोन्ही चिन्हांना स्वतंत्र संकेतांक आहेत. विसर्गाऐवजी अपूर्णविराम टंकित केला तरी छापील पानावर फरक क्वचितच जाणवतो. परंतु संगणकाच्या लेखी तो शब्दच निराळा होतो. एखाद्या कवीच्या समग्र कवितेची शब्दसूची सिद्ध करताना 'दुःख' दोन ठिकाणी विभागले जाते आणि त्याच्या वारंवारतेवर बेतलेला निष्कर्ष सदोष ठरतो. छंदाचीही तीच गत. विसर्गयुक्त ऱ्हस्व अक्षर गुरू मानले जाते; विसर्ग हरपल्यास यांत्रिक मोजणीत 'दु' लघू ठरून वृत्तभंगाचा आभास होतो.

यास्तव जुन्या ग्रंथांचे संगणकीकरण करताना प्रत्येक ठिकाणी ही टिंबे कोणत्या कार्यासाठी आली आहेत हे तपासणे संपादकाचे कर्तव्य ठरते. मुद्रितशोधनात केवळ डोळ्यांवर विसंबून हे काम होणार नाही. संकेतांकांचीही पडताळणी करावी लागेल.