आंब्याच्या जॅममधली साखर फक्त गोडीसाठी नसते

मे महिन्यात घरात आंब्यांची रास पडली, की पाठोपाठ एक सल्ला हमखास येतो : "जॅम घरीच करा, आणि साखर निम्मीच घाला. आंबा मुळातच गोड असतो." नातेवाईक हेच सांगतात, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हीच पाककृती फिरते आणि व्हिडिओत कुणीतरी 'कमी साखरेचा, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेला, वर्षभर टिकणारा' जॅम बरणीत भरून दाखवतं. या तीन गोष्टी एकाच बरणीत नांदू शकत नाहीत. तरीही हा सल्ला दरवर्षी नव्याने दिला जातो, आणि पावसाळा सुरू झाला की बुरशी आलेल्या बरण्या मोरीत रिकाम्या होतात. चांगला आंबा, गॅस आणि दुपारभराचे कष्ट असे वाया जाताना पाहून खरोखर चीड येते. कारण यामागचं शास्त्र अवघड नाही, नवीनही नाही.

गैरसमज : साखर गोडीपुरती असते, निम्मी केली तरी जॅम तितकाच टिकतो.

वस्तुस्थिती : जॅममधला खरा प्रिझर्व्हेटिव्ह साखरच आहे. जीवाणू, यीस्ट, बुरशी या सगळ्यांना वाढायला मोकळं पाणी लागतं. साखर ते पाणी धरून ठेवते. पाणी पदार्थात असतं, पण त्यांच्या वाट्याला येत नाही. या मोकळ्या पाण्याचं माप म्हणजे 'वॉटर ॲक्टिव्हिटी'. शुद्ध पाण्याची ती १ असते, ताज्या फळाची त्याच्या अगदी जवळ. ०.९१ च्या खाली बहुतेक जीवाणू वाढू शकत नाहीत. नीट आटवलेल्या, पुरेशी साखर असलेल्या जॅममध्ये ती ०.८० ते ०.८५ च्या घरात येते. काही बुरश्या आणि यीस्ट याहीपेक्षा कमी पाण्यात तग धरतात, म्हणूनच साखरेच्या जोडीला आंबटपणा, उकळती उष्णता आणि हवाबंद झाकण लागतं. पण पहिली भिंत साखरेची, आणि आपण तीच अर्धी पाडतो.

पुरेशी साखर म्हणजे किती, हे कुणाच्या अंदाजावर सोडलेलं नाही. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या नियमांनुसार जॅममध्ये विरघळलेले घनपदार्थ वजनाने किमान ६५ टक्के असावे लागतात. 'कोडेक्स' हे आंतरराष्ट्रीय मानकही ६० ते ६५ टक्के किंवा त्याहून जास्त असंच सांगतं. हे घनपदार्थ म्हणजे मुख्यतः साखर : फळातली आणि वरून घातलेली. कारखान्यात रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब ठेवून हा आकडा वाचतात. घरी ते यंत्र नसतं, पण वजनकाटा असतो, आणि तेवढा पुरतो.

हिशेब करून पाहू. पिकलेल्या हापूसच्या एक किलो गरात साधारण १८० ग्रॅम घनपदार्थ असतात, बाकी बहुतेक पाणी. त्यात पाऊण किलो साखर घातली, की घनपदार्थ ९३० ग्रॅम झाले. ते एकूण वजनाच्या ६५ टक्क्यांच्या थोडे वर जायचे असतील, तर सगळा ऐवज १,७५० ग्रॅमवरून १,४०० ग्रॅमच्या आसपास आटायला हवा. रिकाम्या पातेल्याचं वजन आधी लिहून ठेवा. जॅम होत आला असं वाटलं, की पातेलं उतरवून काट्यावर ठेवा. आकडा जास्त आला, तर परत गॅसवर चढवा. यात कसलंही कसब लागत नाही.

आता तोच गर आणि निम्मी साखर, म्हणजे ३७५ ग्रॅम. घनपदार्थ ५५५ ग्रॅम. आंब्याचा गर मुळात दाट, त्यामुळे थोडं पाणी आटताच तो रटरटायला लागतो, पळीवरून जड पडतो, बाजूने शिंतोडे उडतात. 'झाला की!' म्हणून इथेच गॅस बंद होतो. त्या वेळी पातेल्यात ११०० ग्रॅम ऐवज असेल, तर घनपदार्थ जेमतेम ५० टक्के भरतात. दिसायला जॅम, पण टिकाऊपणाच्या हिशेबाने घट्ट आमरस. तो कपाटात ठेवला, की काही दिवसांत बरणीच्या कडेला बारीक बुडबुडे दिसतात, झाकण उघडताना फुस्स होतं आणि आंबूस वास येतो. आंबलेला जॅम तो हाच.

"मग आणखी आटवू," असं कुणी म्हणेल. आटवता येतं. ५५५ ग्रॅम घनपदार्थांना ६५ टक्क्यांवर आणायचं, तर ऐवज ८५० ग्रॅमपर्यंत खाली न्यावा लागेल. म्हणजे अर्धा लिटरहून जास्त पाणी मंद आचेवर उडवायचं. तेवढ्या वेळात रंग केशरी राहत नाही, तपकिरी होतो, आणि ज्या वासासाठी हापूस आणला तोच उडून जातो. हाती येतो आटवलेला रस. तो कोकणात पिढ्यानपिढ्या करतात आणि छान लागतो, पण तो वेगळा पदार्थ आहे.

या वादात हटकून एक दाखला दिला जातो : "आजीच्या काळी कुठे फ्रिज होता? तिचा साखरांबा वर्षभर टिकायचाच ना?" टिकायचा. पण आजी साखर किती घालायची, हे कुणी सांगत नाही. कैरीच्या किसाला निदान बरोबरीने, बऱ्याच घरांत दीडपट साखर पडायची. पाक बोटात धरून तार बघितली जायची. बरणी धुऊन, उन्हात कडकडीत वाळवून घेतली जायची, वर दादरा बांधला जायचा आणि ओला चमचा घालणाऱ्याची खैर नसायची. शिवाय कैरी चांगलीच आंबट. टिकण्याच्या सगळ्या अटी आजीने पाळल्या होत्या. तिचं मोजमाप टाकून द्यायचं आणि दाखला मात्र तिचाच द्यायचा, हे तिच्यावर अन्याय करणारं आहे.

साखर कमी खायची इच्छा योग्यच आहे. त्याचा सरळ मार्ग म्हणजे जॅम कमी खाणं. २० ग्रॅम जॅममध्ये सुमारे १३ ग्रॅम साखर असते, हे लक्षात ठेवून पोळीला लावावा. किंवा कमी साखरेचा जॅम जरूर करावा, पण थोडाच करावा, पहिल्या दिवसापासून फ्रिजमध्ये ठेवावा आणि दोन-तीन आठवड्यांत संपवावा. जास्त दिवस हवा असेल, तर डब्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवावा. कमी साखरेच्या जॅमला कुणाचीच हरकत नाही. हरकत आहे ती त्याला 'वर्षभर टिकणारा' म्हणण्याला.

गैरसमज : आंब्याच्या जॅमला लिंबू कशाला? चव बिघडते.

वस्तुस्थिती : लिंबू दोन कामं करतं आणि दोन्ही महत्त्वाची आहेत. पहिलं सुरक्षिततेचं. बॉट्युलिझम हा जीवघेणा आजार घडवणारा जीवाणू ४.६ पेक्षा कमी पीएच असलेल्या, म्हणजे पुरेशा आंबट पदार्थात वाढत नाही. पिकलेला आंबा या रेषेच्या जवळ असतो, आणि फार पिकलेला ती ओलांडू शकतो. दुसरं काम जॅम धरण्याचं. फळातलं पेक्टिन जाळं विणतं म्हणून जॅम थरथरीत घट्ट होतो. पण त्यासाठी साखर साधारण ५५ टक्क्यांच्या वर आणि पीएच साडेतीनच्या खाली लागतो. आंबा पिकताना त्यातली विकरं पेक्टिन तोडत जातात, म्हणून नुसत्या पिकलेल्या हापूसचा जॅम सैल राहतो. एक किलो गराला दोन रसदार लिंबांचा रस किंवा सपाट चमचाभर सायट्रिक ॲसिड घालावं. त्याहून चांगलं म्हणजे त्याच्या जोडीला एखादी कैरी किसून शिजवावी. कैरीत आम्लही असतं आणि न तुटलेलं पेक्टिनही. एवढ्या साखरेत जॅम आंबट लागत नाही, उलट आंब्याची चव उठून येते.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

गूळ किंवा मध घातला की मधुमेह्यांना चालतो. नाही. गुळात मुख्यतः सुक्रोजच असतं, म्हणजे साखरच, आणि मधात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. गुळांबा आवडीने खावा, पथ्य म्हणून खाऊ नये.

साखरेऐवजी स्टेव्हिया घालून तसाच जॅम होतो. गोडी येते, पण चिमूटभर स्टेव्हिया पाणी धरून ठेवू शकत नाही. असा जॅम फ्रिजमध्येच ठेवावा.

वरची बुरशी काढली की खालचा जॅम खायला हरकत नाही. आहे. बुरशीचे धागे आणि काही बुरश्यांची विषद्रव्यं खालपर्यंत गेलेली असू शकतात. अमेरिकेच्या कृषी विभागाचा सल्ला स्पष्ट आहे : बुरशी आलेला जॅम पूर्ण टाकून द्यावा.

डागाळलेले, उतरलेले आंबे जॅमला उत्तम. साका निघालेला भाग काढून उरलेला चांगला गर वापरता येतो. पण आंबूस वास येणारा किंवा बुरशी लागलेला आंबा घेऊ नये. फार पिकलेल्या फळात पेक्टिनही कमी आणि आम्लही कमी.

जॅम गार झाल्यावर बरणीत भरावा. उलट, ८५ अंशांच्या वर असतानाच भरावा. बरणी उकळून घेतलेली, कोरडी आणि गरम असावी. थंड काचेत भरला तर ती तडकेल. गार होईपर्यंत उघड्यावर ठेवलेल्या जॅमवर हवेतले बुरशीचे कण बसतात.

थर्मामीटरवर १०५ अंश आले की जॅम झाला. समुद्रसपाटीला हे बरोबर. नियम असा की पाणी ज्या तापमानाला उकळतं, त्याच्या चार-पाच अंश वर जावं. पुण्यात पाणी सुमारे ९८ अंशांना उकळतं, महाबळेश्वरात ९५-९६ ला. तिथे १०५ ची वाट पाहणाऱ्याचा जॅम चिकट आणि करपट होईल.

विकतच्या जॅममध्ये फळ नसतंच. नियमानुसार किमान ४५ टक्के फळ हवं. स्ट्रॉबेरी आणि रास्पबेरीला सवलत आहे, तिथे २५ टक्के पुरतं. वरच्या हिशेबाने केलेल्या घरच्या जॅममध्ये १,४०० ग्रॅमला एक किलो गर पडतो, म्हणजे सत्तर टक्क्यांहून जास्त. घरी जॅम करण्याचं खरं कारण हे आहे.

शेवटी एक विनंती. घरचा जॅम एका घरात राहत नाही. तो शेजारी, माहेरी, हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलाकडे जातो, आणि घेणारा माणूस तो बाजारच्या बरणीसारखा कपाटात ठेवतो. म्हणून देताना बरणीवर चिठ्ठी चिकटवा : कधी केला, एक किलो गराला साखर किती, फ्रिजमध्ये ठेवायचा की बाहेर. साखर कमी घातली असेल, तर ते ठळक अक्षरांत लिहा. किती साखर घालायची हा तुमचा निर्णय आहे, पण तो माहीत असण्याचा हक्क खाणाऱ्याचाही आहे.